मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

‘मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा’ ही म्हण ज्या कोणाच्या तोंडून प्रथम निघाली असेल, त्याच्या डोळ्यांपुढे एखादे घर असावे. जहाज खचित नसावे. तथापि ह्या म्हणीचा अतिशय भयंकर असा दाखला इतिहासात धुंडाळू गेल्यास तो जमिनीवर मिळत नाही. तो मिळतो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यास, पोर्टस्मथ बंदरासमोरच्या स्पिटहेड ह्या नांगरवाड्यात. तेथे २९ ऑगस्ट १७८२ रोजी सकाळी ‘रॉयल जॉर्ज’ नावाचे शंभर तोफांचे लढाऊ जहाज नांगरावर उभे असता, ना शत्रूचा गोळा लागून, ना वादळात सापडून, केवळ पाण्याची एक तोटी दुरुस्त करण्याच्या खटपटीत बुडाले. आठशेंहून अधिक माणसे त्याबरोबर तळाशी गेली. तोटीकडे सर्वांचे लक्ष होते. खिडक्या उघड्या होत्या. ही हकीकत व तिचा जो निकाल लागला तो, ह्या दोहोंचा विचार आम्ही येथे करणार आहो.

आरमाराच्या इतिहासात मोरीला सहसा स्थान मिळत नाही. तोफा किती, शिडे किती, सेनापती कोण, एवढे सांगून इतिहासकार मोकळा होतो. परंतु जहाजात शिरलेले पाणी बाहेर काढणे हा जहाजाच्या संसारातला रोजचा प्रश्न होय, आणि तो घरातल्या मोरीच्या प्रश्नाहून मुळातच निराळा आहे. घरातली मोरी उंचावर असते व गटार खाली असते. पाण्याला वाट दिली की काम झाले. जहाजाला असे ‘खाली’ नसतेच. त्याच्या चोहोंकडे पाणीच असते, आणि जहाजाचा बराचसा भाग त्या पाण्याच्या पातळीच्या खाली असतो. म्हणून जहाजातल्या प्रत्येक मोरीची दुसरी बाजू ही समुद्राने आत येण्याची वाट असते.

लहानशा शिडाच्या नौकेत आजही ह्या नियमाचा प्रत्यय येतो. तिच्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात भांडी धुण्याचे एक उथळ पात्र असते व त्याच्या तळाची नळी नौकेच्या कुशीतून समुद्रात उतरते. पात्राचा तळ बाहेरच्या पाण्यापेक्षा जेमतेम वीतभर उंच असला, तर पाणी रेंगाळत रेंगाळत जाते. त्याला ढकलणारे वजन असते तेवढ्या वीतभराचेच. नळीत चरबी साचली, अथवा बाहेरच्या तोंडाशी शिंपले चिकटले, तर तेही बळ पुरे पडत नाही. वाऱ्याने नौका त्या अंगाला कलली, की पात्र बाहेरच्या पातळीखाली जाते आणि मघाशी जे पाणी जात नव्हते ते आता उलट वर येऊ लागते. म्हणून नळीच्या तोंडाशी एक तोटी बसवलेली असते, आणि शहाणा नाविक समुद्रावर निघण्यापूर्वी ती बंद करतो. मोरी तुंबणे हा तेथे केवळ गैरसोयीचा विषय नसतो; ती साफ करताना कोणती तोटी उघडी राहिली, ह्यावर नौकेचे प्राण अवलंबून असतात.

अठराव्या शतकातील मोठ्या जहाजांचे बांधणारे हे सारे जाणून होते. प्रत्येक मजल्याच्या कडेला, जहाजाच्या भिंतीतून आरपार, शिशाच्या पत्र्याने मढवलेली भोके ठेवलेली असत. डेक धुतल्यावर, पाऊस पडल्यावर, अथवा लाट आत आल्यावर पाणी त्यांतून बाहेर जाई. सर्वांत खालच्या तोफांच्या मजल्यावर मात्र ही भोके समुद्राच्या फार जवळ येत. तेथे बाहेरच्या बाजूने कातड्याची लोंबती नळी खिळलेली असे. आतले पाणी आले म्हणजे ती फुगून वाट देई. बाहेरची लाट आदळली म्हणजे ती चपटी होऊन भोक झाके. एका कातड्याच्या तुकड्याने द्वारपालाचे काम करावे, ही युक्ती आम्हांस त्या काळच्या कोणत्याही तोफेहून कमी कौतुकाची वाटत नाही.

ह्या भोकांच्या आवाक्याबाहेरचे पाणी झिरपत झिरपत जहाजाच्या अगदी तळाशी, कण्याच्या दोहों अंगांस जाऊन साचे. तळाच्या आडव्या लाकडांना त्यासाठी लहान लहान खाचा पाडलेल्या असत. त्यांतून पाणी वाहत मध्यावरच्या विहिरीसारख्या जागेत येई व तेथून पंपाने वर खेचून बाहेर टाकले जाई. पण तळाशी केवळ पाणी नसे. भुसा, डांबराचे गोळे, धान्य, मेलेले उंदीर, हे सारे त्या खाचांत अडके आणि ठिकठिकाणी डबकी साचून राहत. ह्यावर तोड अशी काढली होती की, एक लांब दोर किंवा साखळी सर्व खाचांतून ओवून ठेवावयाची व अधूनमधून दोन्ही टोकांनी मागेपुढे ओढावयाची, म्हणजे साचलेला गाळ हलून वाट मोकळी होते. तुंबलेल्या मोरीत काडी घालण्याची जी रीत घरोघर चालते, तिचेच हे जहाजी रूप.

तळाच्या पाण्याची दुर्गंधी इतकी असह्य होई की, स्वच्छ समुद्राचे पाणी मुद्दाम आत घेऊन तळ खंगाळून काढावा लागे. डेक धुण्यासही पाणी लागे, आग लागल्यास तेव्हाही लागे. मोठ्या जहाजांत ह्यासाठी पाण्याच्या पातळीखाली भिंतीतून एक नळ आणून त्यास तोटी बसवीत. तोटी उघडली की समुद्र आपोआप आतल्या हौदात येई, मग पंपाने ते पाणी वर घ्यावयाचे. सोय मोठी होती. पण ह्या तोटीत काही बिघाड झाला, तर आतून हात घालण्याची सोय नव्हती. कारण तिच्या पलीकडे समुद्र उभा होता. रॉयल जॉर्जवर नेमके हेच घडले.

रॉयल जॉर्ज हे काही कालपरवाचे अपरिचित जहाज नव्हते. ते १७५६ मध्ये वूलिचच्या गोदीतून पाण्यात उतरले. २० नोव्हेंबर १७५९ रोजी क्विबेराँच्या उपसागरात अॅडमिरल हॉकने फ्रेंच आरमाराचा जो पराभव केला, त्या लढाईत हॉकचे निशाण ह्याच जहाजावर होते. १७८२ मध्ये त्यावर रिअर अॅडमिरल रिचर्ड केंपेनफेल्ट ह्याचे निशाण होते. निशाणांच्या खुणांनी जहाजाजहाजांत संदेश पोहोचविण्याच्या शास्त्रात ह्या गृहस्थाने मोठी भर घातली होती. जिब्राल्टरला १७७९ पासून वेढा पडलेला होता. तेथे रसद पोहोचविण्यासाठी अॅडमिरल हाऊच्या नेतृत्वाखाली आरमार स्पिटहेडला जमत होते. निघण्याची घाई होती, आणि अशा घाईत रॉयल जॉर्जच्या उजव्या कुशीतली ती तोटी नादुरुस्त झाली.

दोन मार्ग होते. एक, जहाज सुक्या गोदीत नेऊन, पाणी काढून टाकून, जमिनीवर उभे राहून दुरुस्ती करणे; ह्यात दिवस गेले असते. दुसरा, नांगरावरच जहाज एका अंगाला कलते करून दुसऱ्या अंगाचा तो भाग पाण्याबाहेर आणणे. ही रीत जुनी व रूढ होती. इंग्रज खलाशी तिला ‘पार्लमेंट हील’ म्हणत. शांत पाण्यात, थोडक्या वेळासाठी, हुशारीने केल्यास तीत धोका नव्हता. दुसरा मार्ग पत्करला गेला. उजवीकडच्या तोफा मजल्याच्या मध्यापर्यंत ओढून घेतल्या. डावीकडच्या तोफा खिडक्यांतून होतील तितक्या बाहेर सारल्या. एवढा लोखंडाचा भार एका अंगास गेल्यावर जहाज डावीकडे कलले, उजवी कूस वर आली, आणि कारागीर तोटीपाशी कामास लागले.

येथवर जे झाले ते रीतीस धरून झाले. पण जहाज कलते करावयाचे म्हणजे खालच्या अंगाच्या खिडक्या पाण्याजवळ येणार, हे उघड आहे. आणि त्या खिडक्या तर तोफा बाहेर काढण्यासाठी उघड्याच ठेवलेल्या होत्या. त्यातच ‘लार्क’ नावाचे एक लहान गलबत रमची पिंपे घेऊन आले. ते डाव्या, म्हणजे आधीच झुकलेल्या बाजूस लावण्यात आले व पिंपे त्याच बाजूने आत घेतली जाऊ लागली. कललेल्या अंगावर आणखी वजन पडले आणि माणसेही पिंपे ओढण्यास त्याच अंगाला जमली. बारीकशी लाट उठली की खिडकीच्या उंबऱ्यावरून पाणी आत येऊ लागले. तळघरातले उंदीर पाण्याने हुसकले जाऊन बाहेर पळू लागले, आणि खलाशी हसत ओरडत त्यांच्या पाठी लागले. ही गोष्ट जेम्स इंग्राम नावाच्या, त्या दिवशी वाचलेल्या एका खलाशाने पुढे अनेक वर्षांनी सांगितली. ज्या पाण्याने त्यांतल्या बहुतेकांचा घास घ्यावयाचा होता, त्याच पाण्यात ते काही क्षण खेळत होते.

इंग्रामच्याच हकिगतीत जहाजावरच्या सुताराचा उल्लेख येतो. जहाजाची लाकडे, पंप, तळाचे पाणी, हे सारे सुताराच्या ताब्यातले खाते. तो पहाऱ्यावरच्या लेफ्टनंटाकडे गेला आणि जहाज सरळ करण्याचा हुकूम द्यावा, त्याला हा भार सोसत नाही, असे त्याने सांगितले. लेफ्टनंटाने त्यास तुटक उत्तर देऊन परत पाठविले. सुतार खाली गेला, पाणी पाहिले, आणि पुन्हा वर आला. ह्या वेळी त्यास मिळालेल्या उत्तराचा आशय असा होता की, जहाज तुम्हांस माझ्यापेक्षा अधिक चांगले सांभाळता येत असेल, तर कप्तानी तुम्हीच करावी. कचेरीत ज्यांनी वर्षे काढली आहेत, त्या आमच्या वाचकांना ह्या उत्तराचा सूर नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याला ठाऊक असते त्याला अधिकार नसतो, आणि ज्याला अधिकार असतो त्याला, आपणांस ठाऊक नाही एवढे कबूल करण्याइतकीही सवड नसते.

काही मिनिटांतच लेफ्टनंटास परिस्थिती कळून आली. जहाज सरळ करण्याचा हुकूम ढोलावर देण्याची आज्ञा झाली व माणसे तोफांकडे धावली. पण ज्या तोफा मघाशी उतरणीवरून सहज सरकल्या होत्या, त्या आता चढणीवर ओढावयाच्या होत्या. इतक्यात वाऱ्याची एक झुळूक आली, डावीकडच्या खिडक्यांची रांग पाण्याखाली गेली, आणि समुद्र सर्व खिडक्यांतून एकदम आत घुसला. जहाज आडवे झाले व पाहता पाहता तळाशी गेले. कुशीला बांधलेले लार्कही त्याबरोबर ओढले गेले. रॉयल जॉर्ज तळाला टेकल्यावर त्याच्या डोलकाठ्यांची टोके पाण्यावर उरली. त्यांना व दोरखंडांना बिलगून जे राहिले ते वाचले. वाचलेल्यांची संख्या सुमारे अडीचशे भरते.

मेले किती, ह्याचा नेमका आकडा लागत नाही. कारण जहाजावर कोण कोण होते ह्याचीच पूर्ण यादी नव्हती. खलाशी पळून जातील ह्या भीतीने त्यांना किनाऱ्यावर सोडीत नसत. म्हणून बंदरात आलेल्या जहाजावर त्यांच्या बायका, मुले, आईबाप भेटीस येत, फेरीवालेही येत. त्या सकाळी अशी शेकडो माणसे जहाजावर होती. नावनिशी होती ती पगारपत्रकावरच्या माणसांची. भेटीस आलेली बाई कोणत्याच पत्रकात नव्हती. म्हणून तिचे मरणही कोणत्याच पत्रकात नीट आले नाही. केंपेनफेल्ट त्या वेळी आपल्या खोलीत लिहीत बसला होता असे सांगतात, तोही बुडाला. पुढे कित्येक दिवस प्रेते पाण्यावर येत राहिली व समोरच्या वाइट बेटावर राइड येथे त्यांतील पुष्कळांना पुरले गेले. कवी विल्यम कूपर ह्याने ह्या घटनेवर शोकगीत रचले, आणि रॉयल जॉर्जचे नाव इंग्रजी जाणणाऱ्या घरांतून पसरले.

आता निकालाकडे वळू. कप्तान मार्टिन वॅगहॉर्न वाचला होता. त्याच्यावर व वाचलेल्या इतर लोकांवर ९ सप्टेंबर १७८२ रोजी, म्हणजे बारा दिवसांच्या आत, लष्करी न्यायालय बसले. जहाजाची लाकडे कुजलेली होती, अशी साक्ष तेथे पडली. न्यायालयाने निष्कर्ष काढला तो असा की, लाकडांच्या सर्वसाधारण कुजकेपणामुळे सांगाड्याचा एखादा महत्त्वाचा भाग निखळला असावा व त्यामुळे जहाज बुडाले असावे. सर्वांची निर्दोष सुटका झाली. दोन दिवसांनी, ११ सप्टेंबरला, आरमार जिब्राल्टरकडे निघून गेले.

जहाज खरोखर नवे नव्हते. पाण्यात उतरल्याला त्यास सव्वीस वर्षे होऊन गेली होती, आणि ओक लाकडाच्या जहाजाला एवढा काळ थोडा नव्हे. तेव्हा लाकडे कुजकी होती ही साक्ष खोटी मानण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. परंतु लाकडे कुजकी असणे निराळे आणि त्यामुळे जहाज बुडणे निराळे. सांगाडा न निखळताही जहाज कसे बुडू शकते, हे दाखविण्यास त्या उघड्या खिडक्या, तो एकीकडचा भार आणि ती रमची पिंपे पुरेशी आहेत. ह्याच सॉलेंटच्या पाण्यात १९ जुलै १५४५ रोजी ‘मेरी रोझ’ हे जहाज कलले व तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी घेऊन बुडाले होते. स्टॉकहोममध्ये १० ऑगस्ट १६२८ रोजी ‘वासा’ हे कोरे करकरीत जहाज पहिल्याच प्रवासात तसेच बुडाले. त्याची लाकडे तर कुजण्यास अवधीच मिळाला नव्हता. इतिहासाने दोनदा गिरवून दिलेला धडा समोर होता.

मग लाकडावरच ठपका का? ह्याचे उत्तर न्यायालयाच्या रचनेत शोधावे असे आम्हांस वाटते. न्यायासनावर बसलेले सर्व आरमारी अधिकारी होते. जहाजे दुरुस्त राखण्याचे काम मात्र गोद्यांच्या मुलकी खात्याकडे होते. ‘लाकूड कुजले’ असे म्हटले, म्हणजे दोष आपल्या खात्याच्या कुंपणाबाहेर जातो. लाकूड अपील करीत नाही. लेफ्टनंटाचे उत्तर, लार्क कोणत्या बाजूस लावावे ह्याचा हुकूम, खिडक्या उघड्या ठेवण्याची जबाबदारी, ह्या प्रश्नांना एकेका माणसाचे नाव चिकटले असते. कुजकेपणाला नाव नसते. आम्ही त्या न्यायाधीशांवर लबाडीचा आरोप करीत नाही. युद्ध चालू होते, आरमार निघावयाचे होते, बुडालेले जहाज पाहता येत नव्हते. पण जे कारण कोणालाच लागू पडत नाही ते मनाला फार लवकर पटते, आणि ह्या कलीपासून न्यायासनावरची माणसेही सुटलेली नसतात, एवढे म्हणणे भाग आहे.

ओक लाकडाच्या ह्या तक्रारीचा धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून त्याचा उल्लेख येथे अस्थानी होणार नाही. मुंबईत लवजी नसरवानजी वाडिया ह्यांच्या हाताखाली ईस्ट इंडिया कंपनीने १७५० मध्ये सुकी गोदी उभारली होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात चांगल्या ओकची टंचाई भासू लागली, तेव्हा इंग्रजांच्या राजकीय आरमारानेही मुंबईकडे मागणी केली. कारण येथे जहाजे सागवानाची बनत, आणि सागवान ओकइतके लवकर कुजत नाही. जमशेटजी बमनजी वाडिया ह्यांनी बांधलेले चौऱ्याहत्तर तोफांचे ‘मिंडेन’ १८१० मध्ये पाण्यात उतरले. १८१७ मध्ये मुंबईतच उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. लाकडाच्या दुखण्यावर असा उपाय निघाला. पण उघड्या खिडकीपाशी सागवानही काही करू शकत नाही. रॉयल जॉर्ज सागवानाचे असते तरी त्या सकाळी त्याच रीतीने बुडाले असते, असेच आम्हांस वाटते.

बुडालेल्या जहाजाची कथा तेथे संपली नाही. नांगरवाड्याच्या मधोमध ते अडथळा होऊन राहिले. १८३४ मध्ये डीन बंधूंनी आपल्या पाणबुड्याच्या शिरस्त्राणाच्या साहाय्याने त्याच्या काही तोफा वर काढल्या, आणि थोड्याच काळात त्याच परिसरात मेरी रोझही त्यांच्या हाती लागले. १८३९ ते १८४३ ह्या वर्षांत कर्नल पॅस्ली ह्याच्या हाताखाली सैन्याच्या अभियंत्यांनी पाण्याखाली दारूचे स्फोट करून सांगाडा उधळून दिला व जागा मोकळी केली. पाणबुड्यांनी दोघादोघांनी जोडीने उतरावे व एकमेकांवर लक्ष ठेवावे, ही शिस्त ह्या कामात पडली, आणि ती आजतागायत चालू आहे. वर काढलेल्या लाकडांच्या शोभेच्या वस्तू झाल्या. ह्याच जहाजाच्या हकिगतीची लहान पुस्तकेही त्याच्या लाकडाच्या पुठ्ठ्यांत बांधून विकली गेली. ज्या लाकडावर अपराधाचा शिक्का बसला, त्याचाच पुठ्ठा त्याच्या खटल्याच्या कथेस लाभला. एवढ्यावरून लाकूड निर्दोष ठरत नाही, हे खरे. चिखलात रुतलेले लाकूड टिकते आणि सांगाड्याचा सर्वच भाग सारखा कुजत नाही. पण योगायोग विलक्षण आहे.

ह्या सर्व प्रकरणात तोटीचा काही अपराध नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ती दुरुस्त करणे अवश्य होते. पाण्याची वाट बिघडली तर ती वेळीच नीट केली पाहिजे, हाच शहाणपणा आहे. चूक झाली ती एका दुरुस्तीकडे पाहताना उरलेल्या जहाजाकडे पाठ फिरविण्यात. दुखण्यावर इलाज चालू असतो तेव्हा शरीर नेहमीपेक्षा अधिक उघडे असते, हे वैद्याला माहीत असते. जहाजावर ते सुताराला माहीत होते. जुन्या कारागिरांनी मोरीच्या भोकाबाहेर कातड्याची नळी लोंबती ठेवली ती ह्याच जाणिवेने: पाण्याला जाऊ द्यावे, पण ज्या वाटेने ते जाते तिचा पहारा सोडू नये.

इंग्रामला पाण्यातून काढून ‘व्हिक्टरी’ जहाजावर नेण्यात आले. तेथे त्याने त्या सुताराला पाहिले. पाण्यातून वर काढून, ऊब मिळून जीव परत येईल ह्या आशेने त्याला भटारखान्यातल्या चुलीसमोर निजविले होते. तो मेलेला होता. अकरा दिवसांनी न्यायालय बसले, तेव्हा दोनदा वर जाऊन जे त्याने सांगितले होते ते तिसऱ्यांदा सांगण्यास तो उरला नव्हता.